सोनकिड्याचा उजवा पंख

आमचे हे रिटायर झाल्यावर भजनाला लागतील किंवा शेअर बाजाराला, एवढी माझ्या मनाची तयारी होती. ते किड्यांना लागले.

तसा माणूस सरळ. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं शेड जुळवायचं काम केलं. गिऱ्हाईक कधी फरशीचा तुकडा आणून देई, कधी पत्र्याचा, आणि म्हणे, अगदी हाच रंग पाहिजे. मग हे थेंब थेंब पिवळा घाल, थेंबभर काळा घाल, असं करत बसत. ही खोड घरीही होती. लग्नाकार्यात मी कुणाच्या साडीला मरून म्हटलं की हे माझ्या कानाशी येऊन सांगणार, "मरून नव्हं, वांगी हाय." अशा माणसाशी संसार करताना बाईनं रंगाचं नाव घ्यायचं नाही, हे मी पहिल्या वर्षातच शिकले.

नोकरी संपली तरी सकाळी कोपरखैरण्याहून तुर्भ्याच्या दिशेनं चालत जायची सवय काही सुटली नाही. त्या वाटेवर एका रिकाम्या प्लॉटमध्ये बाभळी माजल्यात. तिथं एका भाद्रपदात त्यांना मेलेला सोनकिडा सापडला. रुमालात बांधून आणला आणि थेट माझ्या शिलाई मशीनवर ठेवला. मी एका ब्लाउजला बाही लावत होते. घाबरून ओरडणार होते, पण ओरडले नाही, कारण ओळख पटली.

आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. तिकडे लहानपणी सोनकिडा पाळला नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. काडेपेटी रिकामी करायची, म्हणजे काड्या चुलीमागे ओतून आईचा मार खायचा, मग त्यात बाभळीचा कोवळा पाला घालायचा आणि सोनकिडा आत. शाळेत बाकाखाली पेटी कानाला लावली की आत त्याच्या पायांची खरखर ऐकू यायची. माझ्या एका सोनकिड्याच्या मादीनं पेटीत अंडी घातली होती, तांदळाच्या कणीएवढी. त्यातून सोन्याची पिल्लं निघणार म्हणून मी महिनाभर रोज पेटी उघडत होते. काही निघालं नाही. हे मला म्हणाले, "निघंल कशी? त्याची अळी जमिनीत राहती, मुळं खाती. तू ठेवली काडेपेटीत." पन्नास वर्षांनी मला माझी चूक सांगण्यात त्यांना फार आनंद झाला.

तेव्हापासून आमच्या घरात सोनकिड्यांच्या जाती आल्या. ह्यांचा एक नियम होता, तो मात्र मी मानते: जिवंताला हात लावायचा नाही, झाडाखाली मरून पडलेलेच उचलायचे. हा किडा मोठेपणी काही आठवडेच जगतो, त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी झाडाखाली तोटा नसतो. मिठाईच्या खोक्यात थर्माकोल, त्यावर माझ्या डब्यातून पळवलेल्या टाचण्या, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. एक जात सगळी हिरवी, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. दुसऱ्या जातीची मान हिरवी आणि पाठ चिंचोक्याच्या रंगाची, तशीच गुळगुळीत. ही दुसरी ते गावाकडून आणायचे. आंब्याच्या वाळक्या फांदीत सापडलेला एक लांबट, निमुळता होता, त्याची अळी म्हणे वर्षानुवर्षं लाकडात राहते. कधी कधी लाकूड कापून त्याचं टेबल होतं, टेबलावर लोक जेवतात, आणि मग एक दिवस भोक पाडून किडा बाहेर येतो. हे ऐकल्यापासून मी जेवताना ताट जरा उचलून बघायला लागले.

त्यांना सगळ्यात वेड लावलं ते रंगानं. एक तुटका पंख त्यांनी खलबत्त्यात कुटला. हो, माझ्या वेलदोड्याच्या खलबत्त्यात. आणि मला भुकटी दाखवली. मातकट, काळसर. "बघ! ह्यात रंगच नाय! पंखाचे पापुद्रे एकावर एक असं बसल्यात की उजेडच हिरवा होऊन परत येतो. म्हणून तर मेला तरी फिका पडत नाय." अडतीस वर्षं रंगाचे डबे घोटलेल्या माणसाला कुणीतरी सांगावं की बाबा, रंगाशिवाय रंग होतो, तसं त्यांचं झालं होतं. आठवडाभर ते जेवताना मध्येच थांबून मान हलवायचे.

शिवाय मोबाइलवर वाचून रोज नवीन काहीतरी. एका जातीला जळक्या लाकडाचा वास लांबून येतो आणि वणवा लागला की बाकीचे जीव पळतात तेव्हा ही तिकडे जाते, अंडी घालायला. ऑस्ट्रेलियात एक आहे, त्याचा नर तपकिरी बिअरच्या बाटलीला मादी समजून तिला चिकटून बसतो. मी म्हटलं, त्यासाठी ऑस्ट्रेलियाला जायला नको, आपल्या सेक्टरात शनिवारी बघा. आणि हे तर मला तोंडपाठच झालं: धोका दिसला की सोनकिडा पाय आखडून फांदीवरून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. आमच्याकडे पंखे पुसायचा विषय निघाला की हे असंच करतात, फक्त सोफ्यावर.

आता माझं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दोन दिवाळ्यांपासून मला नीट दिसत नव्हतं. आधी सुईचं नेढं गेलं, ते सगळ्यांचंच जातं. मग रंग जायला लागले. हिरवा, तपकिरी, जांभळा सगळे एकाच चहात बुडवून काढल्यासारखे. मोतीबिंदू असणार हे मला कळत होतं. पण मी कुणाला सांगितलं नाही. मी ब्लाउज शिवते, आणि गेली काही वर्षं आरी वर्क करते. फ्रेमवर कापड ताणून मणी, खडे, जरीचे पोपट. शेजारच्या गल्लीत एक बाई माझ्याआधीपासून शिवणकाम करायच्या. त्यांना दिसत नाही अशी नुसती कुजबुज झाली आणि एका सणात त्यांची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. मी ती घेतली. म्हणून मला पक्कं माहीत होतं, माझी कुठे जातील. मुलगी सीवूड्सला असते, ती आधीच म्हणत होती, मम्मी, पुरे आता, मशीन देऊन टाक, आराम कर. आराम करून मी करू काय? सोळाव्या वर्षापासून माझ्या हाताला काम आहे. ते गेलं तर सकाळी उठून कुणाची वाट बघायची, ही मला खरोखर भीती होती. ऑपरेशनची तर होतीच. डोळा उघडा ठेवून त्यात कुणी काही करणार, हे ऐकूनच मी विषय बदलायचे.

म्हणून मी युक्त्या काढल्या. वाशीच्या दुकानदाराला सांगायचे, दादा, रिळावर रंगाचं नाव पेनानं लिहा, मोठ्या अक्षरात, माझी सून गोंधळ करते. मला सून नाही. हिरवे मणी स्टीलच्या डबीत, लाल प्लास्टिकच्या, तपकिरी झाकण नसलेल्या. गिऱ्हाइकाला कधी काही कळलं नाही. आणि ज्या माणसाला मरून आणि वांगी यातला फरक दहा फुटांवरून कळतो, त्यालाही कळलं नाही. तो किडे बघत होता.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मी घर साफ करायला काढलं. हे गावाहून परत आले होते, येताना स्टीलच्या डब्यात तिकडचे सोनकिडे घेऊन आले होते, आणि इकडचे त्यातच ओतून डबा कपाटावर ठेवला होता. निवडणं, मोजणं सगळं बाकी. हे बाजारात गेलेले, मी स्टुलावर उभी राहून कपाट पुसत होते, आणि डबा खाली आला. किडे फरशीवर खळखळ सांडले. त्यातला एक माझ्याच चपलेखाली आला, त्याच्या उजव्या पंखाचा चुरा. दुसऱ्या एकाचं अंगच भुगा झालं, पंख तेवढे शाबूत.

दुसरी कुणी असती तर केरसुणी फिरवून मोकळी झाली असती. पण शिवणाऱ्या बाईला तुटलेलं टाकवत नाही. जोडता येतं का ते बघण्यात अर्धा जन्म गेलेला. खिडकीपाशी बसले, खडे चिकटवायचा गोंद घेतला, सुईच्या टोकावर थेंब धरला आणि भुगा झालेल्याचा उजवा पंख ह्या दुसऱ्याला बसवला. मधली रेघ अशी जुळली की बोट फिरवलं तरी लागेना. भुगा कचऱ्यात टाकला, उरलेला एक पंख मण्यांच्या डबीत. स्वतःवर खूश होऊन चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधून आरोळी आली.

"अगं ए! इकडं ये! पळत ये!"

मला वाटलं अंगणवाडीतल्या पोरासारखं टाचणी बिचणी टोचून घेतली. गेले तर हे खुर्चीवर बसलेत, तळहातावर किडा.

"बघ. अर्धा हिरवा, अर्धा चिंचोकी. एकाच अंगावर! असं क्वचित कधीतरी होतं म्हणत्यात, अर्धं अंग नराचं, अर्धं मादीचं. का दोन जातींचा संकर झालाय काय म्हाईत. दिसतंय नव्हं?"

मी वाकून बघितलं. अगदी जवळून बघितलं. मग तो हातात घेऊन उन्हात धरला. दोन्ही पंख एकसारखे काळपट दिसत होते, वर थोडी चकाकी. मी काय केलं ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं, आणि माझे डोळे किती गेलेत तेही तेव्हाच कळलं. तोवर मी स्वतःला थोडं धूसर आहे, थोडं धूसर आहे, असंच सांगत होते.

"दिसतंय की," मी म्हणाले. "केवढा फरक आहे."

तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार, चिकटवलं तेही आणि का कळलं नाही तेही. मी गप्प बसले, आणि गप्प बसलेल्या प्रत्येक तासागणिक किडा मोठा होत गेला. कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर फोटो गेला. बागेत सकाळी चालणाऱ्या मंडळींना तो प्रत्यक्ष दाखवून झाला. माझ्या कानातल्याची डबी रिकामी करून त्यात कापूस घालून त्याला झोपवला. एका म्हाताऱ्यानं म्हणे ह्यांना सांगितलं की नवीन जातीला शोधणाऱ्याचं नाव देतात. त्या दिवसापासून हे आरशासमोर जरा जास्त वेळ उभे राहायला लागले.

वाशीच्या कॉलेजात किड्यांवर शिकवणारी एक तरुण बाई होती, ह्यांनी तिच्या एका निसर्गफेरीत नाव घातलं होतं. तिला फोटो गेला. तिचं उत्तर आलं, काका, हात लावू नका, मी रविवारी येते.

बुधवार ते रविवार मी कसे काढले ते मला माहीत. हे अंघोळीला गेले की मी डबी उघडायचे आणि नखानं तो पंख सोडवायला बघायचे. माझाच गोंद, माझंच काम, हलेल तर शपथ. एरवी मी त्याचा अभिमान धरला असता.

रविवारी ती आली. बारीकशी पोरगी, पाठीला सॅक, दारात चपला काढताना मला वाकून नमस्कार केला. मी पोहे केले होते, त्यात मीठ दोनदा पडलं होतं. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, घरात, रविवारी.

तिनं डबी घेतली, भिंग डोळ्याला लावलं. एकदा बघितलं. किडा फिरवून परत बघितलं. मग भिंग खाली ठेवलं आणि पोह्यांकडे बघत राहिली.

"काका, हा तुम्हाला कुठे मिळाला?"

"मी सोता वेचलाय, मॅडम. बाभळीखाली."

"नाही म्हणजे... ॲक्चुअली, ह्याचा उजवा पंख ह्याचा नाहीये. दुसऱ्या जातीचा आहे. कुणीतरी चिकटवलाय."

हे हसले. मग हसू तिथंच राहिलं. "चिकटवलाय? कोण चिकटवंल?"

तिनं डबी हळूच ह्यांच्याकडे सरकवली. त्यावरून मला कळलं, तिला वाटत होतं काकांनीच बनवलाय. ह्यांनाही ते कळलं असावं, कारण कान लाल झाले होते म्हणे, मला ते दिसलं नाही, तिनं मागाहून सांगितलं. मला एवढंच दिसलं की खुर्चीतला माणूस एकदम लहान झाला. ज्यानं जन्मात कधी एक थेंब जास्त घालून शेड खपवली नाही, तो माझ्या घरात, माझ्यासमोर, खोटारडा ठरत होता. मशीन गेलं खड्ड्यात, मी मनात म्हटलं.

"मी चिकटवला," मी म्हणाले. "डबा माझ्या हातून पडला. एकाचा पंख तुटला, म्हणून दुसऱ्याचा बसवला."

"तू?" हे उठलेच. "चार दिस मी गावभर दाखवतोय, आन् तू बघत बसली? अगं, बसवायचा तर हिरव्याला हिरवा बसवायचा! एक हिरवा, एक चिंचोकी, एवढं तुला दिसलं..."

वाक्य तिथंच थांबलं. ते माझ्याकडे बघत होते, हे मला जाणवत होतं.

"नाही दिसलं," मी म्हणाले. "मला दोन्ही एकच दिसले. आत्तासुद्धा एकच दिसतात."

मग हे माझ्या मशीनपाशी गेले. एक रीळ उचललं, फिरवलं. त्यावर पेनानं लिहिलं होतं, हिरवा. दुसरं उचललं. मरून. तिसरं, चौथं. सगळी रिळं त्यांनी एकेक करून वाचली आणि होती तशी परत ठेवली.

"किती दिस झालं?"

"दोन दिवाळ्या."

मी ओरडा खायची तयारी केली. तो आला नाही. ते परत येऊन त्या पोरीसमोर बसले, डबी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, नीट बघा बरं परत. सांधा कुठं दिसतोय का?"

"भिंगाशिवाय अजिबात नाही," ती म्हणाली.

"आमच्या हिचं काम हाय ते. दिसत नसताना केल्यालं."

मी स्वयंपाकघरात गेले. पोहे आणायला गेले असं सांगितलं, पोहे बाहेरच होते.

त्याच संध्याकाळी ह्यांनी ग्रुपवर स्वतःच लिहिलं की किडा निसर्गाचा नसून बायकोचा आहे. त्यावर जुन्या मंडळींनी जी काय खिल्ली उडवली ती अजून चालू आहे, आणि त्यांना ती रोज मोठ्यानं वाचून दाखवायची हौस आहे. मुलीला फोन त्यांनीच केला. मशीन देऊन टाकायचा विषय तिनं माझ्याशी बोलताना काढला तेव्हा फोन माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "मशीनला काय झालं नाय. डोळा खराब हाय, तो दुरुस्त करायचाय." ह्या माणसाला मी इतकी वर्षं टोमणे मारलेत. त्या एका वाक्यापायी मी निम्मे परत घ्यायला तयार आहे.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. माझ्या हातात एका नवरीचं ब्लाउज होतं, पाठीवर पोपटांची जोडी. ते वेळेत द्यायचंच होतं. तर हे स्टूल घेऊन माझ्या फ्रेमशेजारी बसायला लागले आणि मणी काढून द्यायला लागले. मी पोपटी मागितला की हे म्हणणार, पोपटी कुठला, पोपटीत तीन हायत. एक कच्च्या कैरीचा, एक केळीच्या नवीन पानाचा, आन् एक आपला उगाच. मी म्हणायचे, तिन्ही मला चहाच दिसतात, लवकर द्या. एका पोपटाला दोन दिवस लागले, पण असा पोपट मी त्याआधी कधी भरला नव्हता. नवरीकडच्यांनी त्याचे पैसे वर दिले, आणि ह्यांनी त्यात वाटा मागितला.

ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांत झालं. मी त्या वेळात येत होते ते सगळे देव आठवून घेतले, आणि संपल्यावर नर्सला विचारलं, सुरू कधी होणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आधी नुसता उजेड आला, पांढरा, धुतलेला. मग भिंत निळसर असल्याचं कळलं. मग समोर हे, दोन्ही हात मागे बांधून, परीक्षेला बसल्यासारखे उभे. डॉक्टर विचारत होते, आजी, समोर काय दिसतं सांगा. मी ह्यांच्याकडेच बघत होते. केस इतके पांढरे कधी झाले होते? गालाची हाडं वर आली होती, मानेची कातडी सुटली होती, आणि डोळ्यांखाली, कपाळावर, ओठांच्या कडेला बारीक बारीक रेघा. माझ्या डोळ्यांपुढे रोज बसून जेवणारा, मला कैरी आणि केळीचा फरक सांगणारा माणूस, आणि मी त्याला दोन वर्षं बघितलंच नव्हतं.

"अहो," मी म्हणाले, "एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या तुमच्या?"

"तू बघत नव्हतीस तवा," ते म्हणाले.